खिडकीवाल्या, भिंतीवाल्या

ही गोष्ट एकोणीसशे एकोणसत्तर सालची. मी तेव्हा कपबश्यांच्या कारखान्यात पट्टी काढायच्या कामावर होते. माझी थोरली जाऊ माझ्या कितीतरी आधीपासून तिथं होती, तिनंच मला कामाला लावलं. आम्हा बायकांच्या खोलीत दोन टेबलं होती. त्याच्या दोन वर्षं आधी एकच होतं, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं, म्हणून आधी टेबलाचं सांगते.

खालच्या मजल्यावर नवी भट्टी बसवायची ठरली आणि आमची खोली वर हलवली. आमचं टेबल चांगलं लांबलचक, जाड फळीचं. बारा जणी समोरासमोर बसून काम करायच्या, तरी कुणाचं कोपर कुणाला लागायचं नाही. ते जिन्याच्या वळणावर अडकलं. हमालांनी उभं करून पाहिलं, आडवं करून पाहिलं, शेवटी सुताराला बोलावलं. सुतार म्हणाला, कुठून कापू ते सांगा. साहेब घाईत होते. त्यांनी खडू घेतला, मधोमध रेघ मारली आणि ते निघून गेले. ती रेघ नेमकी माझ्या आणि ताईंच्या जागांमधून गेली. ताई म्हणजे माझी थोरली जाऊ. म्हणजे ती रेघ वीतभर इकडे पडली असती तर ही गोष्टच झाली नसती.

वरच्या खोलीत एक अर्धं टेबल खिडकीशी लागलं, दुसरं समोरच्या भिंतीशी. मी खिडकीकडे, ताई भिंतीकडे.

पहिल्या आठवड्यात आम्ही एकमेकींकडे माना वळवून गप्पा मारत होतो. महिन्याभरात गप्पा आपापल्या टेबलापुरत्या झाल्या. मग कधीतरी कुणीतरी म्हणालं, "भिंतीवाल्यांनी आज पण बारीक कुंचले आधीच उचलले." त्या दिवशी त्या भिंतीवाल्या झाल्या आणि आम्ही खिडकीवाल्या. दोन्हीकडचा चहा एकाच किटलीतून यायचा, तरी आमच्या रेडिओला त्यांच्या चहाला वास येतो असं वाटायचं. रेडिओ म्हणजे माझ्या शेजारी बसणारी बाई. सकाळी सुरू व्हायची ती सुटी होईपर्यंत बंद व्हायची नाही. निळा रंग एकाच बाटलीतून दोन वाट्यांत ओतला जायचा, पण आमच्या मते त्यांचा निळा मळकट होता. त्यांच्या मते आमचा निळा भडक होता. त्यांच्याकडे एक काडीसारखी बारीक बाई होती, तिला सगळे पहिलवान म्हणायचे, कारण कपांनी भरलेली फळी ती एकटी उचलायची. ती एकदा आमच्या टेबलाजवळून फळी घेऊन जाताना म्हणाली, "सांभाळा गं, खिडकीतून वारा येतो, तुमच्या पट्ट्या हलतील."

"आमच्या हलतात तरी," रेडिओ म्हणाली, "तुमच्या झोपलेल्याच असतात."

आता पट्टीचं काम थोडक्यात सांगायला हवं. खालून पांढरे कप वर यायचे. कप चाकावर बरोबर मध्ये बसवायचा, पायानं चाक फिरवायचं, आणि काठाखाली बोटभर अंतरावर कुंचला टेकवून हात अजिबात हलू द्यायचा नाही. एक फेरा पुरा झाला की पट्टीची दोन टोकं भेटायची. मग कप पुन्हा खाली भाजायला. भाजून आल्यावर जिथं टोकं भेटली तिथं निळा जरासा गडद दिसायचा. त्याला आम्ही जोड म्हणायचो. गिऱ्हाइकाला तो आयुष्यात दिसला नसता. आम्हाला दुरून दिसायचा.

आमच्याकडे उजेड खिडकीतून बाजूनं यायचा, म्हणून आम्ही कपाचा कान आपल्याकडे ठेवून पट्टी सुरू करायचो, आणि जोड कानाच्या बरोबर वर यायचा. भिंतीकडे दिवा डोक्यावर होता. कान जवळ ठेवला तर त्याची सावली कुंचल्यावर पडायची, म्हणून त्या कान पलीकडे करायच्या, आणि त्यांचा जोड कानाच्या समोरच्या बाजूला यायचा. एवढंच होतं ते, दिव्याचं आणि खिडकीचं. पण आम्ही त्याचं शास्त्र केलं. आम्ही म्हणायचो, जोड कानावर असला की लपतो, घर आवरल्यासारखं वाटतं. त्या म्हणायच्या, जोड कानाच्या समोर असला की चहा पिणाऱ्याकडे पाठ करून बसतो, ज्याला अक्कल आहे त्याला कळेल. पुढंपुढं तर भाजून आलेला कप हातात घेतला की आम्ही आधी जोड कुठं आहे ते बघायचो. मग पट्टी चांगली की वाईट ते आपोआप ठरायचं.

घरी आमचं एकच स्वयंपाकघर होतं. मी आणि ताई सकाळी बरोबर निघायचो, एकमेकींचे डबे धरायचो, कारखान्याच्या जिन्यापर्यंत बोलत जायचो आणि वर पोचलो की दोन दिशांना. संध्याकाळी भाजी चिरताना ताई म्हणायच्या, "आज तुमच्या मास्तरणीचे चार कप परत आले ना?" मी म्हणायचे, "चार नाही, तीन. चौथा तडकलेलाच होता." आमचे हे आणि भाऊजी दोघंही कारखान्याच्या दारात कधी आले नव्हते. तरी भाऊजी भिंतीच्या बाजूनं भांडायचे आणि हे खिडकीच्या. एकदा तर जेवताना दोघं भाऊ इतके तावातावानं बोलायला लागले की ताई म्हणाल्या, "अहो, कपाला कान असतो एवढं तरी माहीत आहे का तुम्हाला? जेवा गुपचूप."

मास्तरीण आमच्या टेबलावरची. शाळेत कधी शिकवलं नव्हतं तिनं, पण कुणाचंही काहीही दुरुस्त करायची. बोलणं, बसणं, केसांचा भांग. हात मात्र सोन्याचा. तिच्या तोडीच्या एकट्या ताईच.

त्या वर्षी मोठ्या बाईंनी काम सोडायचं ठरवलं. मोठ्या बाई खोलीच्या टोकाला खुर्चीवर बसून भाजून आलेला प्रत्येक कप लाकडी काडीनं वाजवायच्या, आवाज ऐकायच्या, मग पट्टी बघून पास करायच्या. एक दिवस त्यांनी काडी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बायांनो, मला आता चांगला कप आणि तडकलेला कप सारखाच ऐकू येतो. मुलीकडे जाते."

त्या खुर्चीवर कोण बसणार, हा प्रश्न दोन्ही टेबलांना मानाचा होता. ताईंना तो वेगळा होता. त्यांचा उजवा गुडघा गेला होता. दिवसभर पायानं चाक फिरवायचं, संध्याकाळी जिना उतरताना त्या भिंतीला धरून उतरायच्या. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं की चाक सोडा. खुर्चीला चाक नव्हतं. खुर्ची मिळाली तर त्या खोलीत राहणार, नाही मिळाली तर घरी. आणि घरी बसायचं नाव काढलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा की भाऊजी विषय बदलायचे. "मी काय करू घरी," त्या मला एकदा म्हणाल्या. "तुझ्या डब्याची वाट बघत बसू?"

साहेबांनी निवड आमच्यावर सोडली, पण एक अट घातली. "तुमचं एकमत झालं तर ठीक. भांडत बसलात तर मी बाहेरून माणूस आणून बसवीन." बाहेरचा माणूस आमच्या खोलीत येऊन काडी वाजवणार, हे कुणालाच सोसणारं नव्हतं.

मोठ्या बाईंनी तोड काढली. खिडकीकडून मास्तरीण, भिंतीकडून ताई. दोघींनी वेगवेगळ्या दिवशी, सुटीनंतर एकटीनं थांबून, एकेक कप रंगवायचा, तळाला खिळ्यानं आपलं अक्षर कोरायचं. भाजून आले की दोन्ही कप वाळूच्या परातीत तळ बुडवून ठेवायचे. बाकीच्यांनी हात न लावता बघायचं, आणि जो कप चांगला वाटेल त्याच्यापुढं मत ठेवायचं. मताला काय, तर तुटलेल्या कपांचे कान. ते आमच्याकडे टोपलीभर असायचे.

त्या आठवड्यात घरी ताई माझ्याशी त्याविषयी चकार शब्द बोलल्या नाहीत. मला वाटायचं, आज म्हणतील, उद्या म्हणतील. शेवटी मीच कणीक मळता मळता म्हटलं, "ताई, मी काय करू?"

"कशाचं काय करू?"

"मताचं."

"तुझं टेबल आहे, तुला त्यांच्यात बसायचंय. घरातलं घरात ठेव," त्या म्हणाल्या, आणि मग, "कणीक सैल झाली."

सैल झाली होती खरी. एका बाजूला रोजच्या शेजारणी. मी आजारी असले की माझे कप आपल्यात वाटून घेणाऱ्या. दुसऱ्या बाजूला ताईंचा गुडघा.

मत द्यायच्या सकाळी परात खोलीच्या मध्ये एका स्टुलावर ठेवली होती. मोठ्या बाई शेजारी उभ्या. मास्तरीण आणि ताई आपापल्या जागी पाठ करून बसल्या, कारण त्यांना मत नव्हतं आणि तोंडं दाखवायची नव्हती. आम्ही दुरूनच बघितलं: एका कपाचा जोड कानावर, दुसऱ्याचा कानाच्या समोर. झालं. आता बघायचं काही उरलंच नव्हतं.

रेडिओ पुढं झाली. जोड कानावर होता त्या कपाभोवती तिनं दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, "हात आहे की काय. कशी ओळंब्यात धरल्यासारखी पट्टी. दुसरा नको म्हणत नाही मी, पण डोळ्यांना टोचतो." आणि आपला कान त्या कपापुढं ठेवला. मागोमाग आमच्या टेबलावरच्या एकेकीनं तिथंच ठेवला.

भिंतीकडून पहिलवान आली. कानासमोर जोड असलेल्या कपापाशी ती वाकली आणि मागं बघत म्हणाली, "आमच्याकडे रोजच असा निघतो, म्हणून कौतुक नाही एवढंच." तिच्या बाजूच्या सगळ्यांनी तिथंच कान ठेवले.

मी शेवटी राहिले होते. जाताना ठरवून गेले होते की टेबल गेलं उडत, ताईंना मत द्यायचं. म्हणजे कानासमोरच्या जोडाला. हात पुढं केलाही. पण म्हटलं, निदान कप तरी नीट बघावा. आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मी जोड सोडून नुसती पट्टी बघितली.

ताई पट्टी पुरी करताना श्वास रोखतात. टोकं भेटायच्या जरा आधी त्यांची पट्टी केसभर बारीक होते आणि मग पुन्हा भरते. मी नवी असताना त्यांच्याच शेजारी बसून शिकले, तेव्हापासून मला ते ठाऊक. ती बारीक झालेली पट्टी कानासमोरच्या कपावर नव्हती. ती दुसऱ्या कपावर होती. कानावर जोड असलेल्या, आमच्या बाजूच्या सगळ्या मतांचा ढीग पुढं पडलेल्या त्या कपावर.

मी हातातला कान त्या ढिगावर ठेवला.

मागून रेडिओनं माझ्या पाठीवर थाप मारली. "अशी पाहिजे. घर घराच्या जागी." आणि पहिलवान भिंतीकडे तोंड करून, मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "सख्खी जाऊ. बघून ठेवा गं." मी मान खाली घालून उभी राहिले. हसू लपवायला तेवढीच जागा होती.

मतं समसमान पडली. मोठ्या बाईंनी दोन्ही कप वाळूतून काढले, तळ पुसले, उलटे केले आणि अक्षरं सगळ्यांना दाखवली.

ज्या त्या पुढं वाकून अक्षरं वाचायला लागल्या. रेडिओ सुटीआधीच बंद झाली. खिडकीवाल्यांनी झाडून सगळी मतं भिंतीवालीला दिली होती, आणि भिंतीवाल्यांनी खिडकीवालीला.

मग एकदम गलका झाला. "हे मत धरायचं नाही." "पुन्हा घ्या." "जोड कसा काय तिकडे गेला?" पहिलवान म्हणाली, "आमची फसवणूक झाली."

"काय फसवणूक झाली?" मोठ्या बाई म्हणाल्या. "मघाशी चांगला होता तो कप आता वाईट झाला का? मी तर नुसता उलटा केला."

"पण आम्हाला वाटलं आमचा."

"ते मला दिसलं. पट्टी कुणी बघितली का?"

तेवढ्यात ताई आपल्या जागेवरून वळल्या, आणि पलीकडून मास्तरीण वळली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. दोघींनी एकच युक्ती केली होती. प्रत्येकीनं विचार केला होता की माझ्या टेबलावरच्या माझा हात ओळखतीलच, दुसऱ्या टेबलाचं एखादं मत मिळालं की जिंकले. मग जोड त्यांच्या बाजूचा काढावा. आपल्या माणसांनी आपला हात ओळखू नये, हे दोघींच्याही हिशेबात नव्हतं. ताईंचा चेहरा उतरला होता. मास्तरणीचाही उतरला असेल, पण ती तो तसा ठेवणारी नव्हती.

खाली साहेब वाट बघत होते. एकमत नाही म्हणजे बाहेरचा माणूस. ताईंचा हात आपोआप गुडघ्यावर गेलेला मी पाहिला.

मास्तरीण उठली, ॲप्रन नीट केला आणि परातीपाशी आली. "मोठ्या बाई," ती म्हणाली, "माझ्या टेबलावरच्या झाडून सगळ्यांनी सांगितलंय की हिचा कप माझ्यापेक्षा चांगला. आता मी माझ्या टेबलाच्या विरुद्ध जाऊ का? ते बरं दिसत नाही. माझंही मत हिला."

"अगं, पण आमच्या टेबलानं तर तुला," पहिलवान म्हणाली.

"तुमचं कोण ऐकतं," मास्तरीण म्हणाली. "भिंतीवाल्या तुम्ही."

आधी मोठ्या बाई हसल्या, मग ताई, मग सगळी खोली. पहिलवान हसता हसता खाली बसली. साहेब जिन्यावरून विचारायला लागले की काय झालं, तेव्हा रेडिओनं खाली ओरडून सांगितलं, "एकमत झालं साहेब, तुम्ही तुमचं बघा."

घरी जाताना ताईंनी माझा हात धरला होता. जिना संपला तरी सोडला नाही. थोडं पुढं गेल्यावर म्हणाल्या, "रोज माझ्या मांडीला मांडी लावून बसतात, तरी एकीला कळलं नाही. तुला कसं कळलं?"

मी श्वासाचं सांगितलं.

"मी श्वास रोखते? मला माहीत नव्हतं." मग माझ्याकडे बघत, "आणि समज, जोड कानावर नसता, तर मत कुणाला दिलं असतंस?"

"समोर बघून चाला ताई," मी म्हटलं, "पुढं पायरी आहे."

त्या रात्रीच्या जेवणात भाऊजींनी जाहीर केलं की शेवटी भिंतच जिंकली. हे म्हणाले, जिंकवली कुणी, खिडकीनं. पुन्हा सुरू.

ताई खुर्चीवर बसल्यावर टेबलं मिटली, एक झाली, असं काही झालं नाही. ताईंनी एवढंच केलं की कप हातात आला की जोडावर अंगठा ठेवायचा आणि मग पट्टी बघायची. त्यांचं बघून आम्हीही तसं करायला लागलो, म्हणजे निदान ताईंच्या समोर. भांडणं चालूच राहिली, पण त्यांतला कडवटपणा गेला. रेडिओ मळकट निळ्यावरून बोलायला लागली की कुणीतरी नुसती वाळूची परात दाखवायचं. पुढच्या साली बश्यांचं काम शेजारच्या इमारतीतून आमच्या खोलीत आलं, तिसरं टेबल लागलं, आणि पहिल्या दुपारी पहिलवान रेडिओच्या कानाशी लागून म्हणाली, "या बशीवाल्यांच्या चहाला कसला वास येतो गं?" तेव्हापासून आम्ही सगळ्या कपवाल्या.

मोठ्या बाई मुलीकडे गेल्या आणि खूप जगल्या. शेवटी त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, पण कुणी चहा दिला की आधी नखानं कप वाजवायच्या. रेडिओनं नोकरी सोडून किराणा दुकान टाकलं आणि ते तिच्या तोंडावर चाललं. पहिलवान खाली भट्टीवर गेली. भट्टीवर काम करणारी ती पहिलीच बाई, आणि शेवटची काही वर्षं भट्टीवरचे सगळे पुरुष तिच्या हाताखाली होते. मास्तरणीला ताईंच्या नंतर खुर्ची मिळाली. माझ्या नातवाच्या बारशाला ती आली होती, पाळणा कुठं ठेवायचा ते तिनंच ठरवलं. साहेबांनी कारखाना विकला. आता तिथं कसलं तरी गोदाम आहे, जिना तसाच आहे.

भाऊजी जाईपर्यंत दोघं भाऊ भिंत आणि खिडकी करत राहिले. आमचे हे अजून करतात, पण समोर कुणी नाही म्हणून आता अधूनमधून भिंतीची बाजू घेतात. ताई खुर्चीवर अठरा वर्षं बसल्या. नंतर घरी बसल्या, आणि बसल्या म्हणजे काय, मला दिवसभर कणीक सैल होते म्हणून सांगत राहिल्या. त्या जाऊन आता सहा वर्षं झाली.

ते दोन कप माझ्याकडे आहेत. एक ताईंनी दिला आणि एक मास्तरणीनं. मी दोन्हींतून चहा पिते, जो हाताला लागेल त्यातून. कुणी पाहुणं आलं की दोन्ही पुढं ठेवते, यातला एक माझ्या जावेनं रंगवलाय एवढंच सांगते आणि विचारते, सांगा यातला चांगला कोणता? लोक कप हातात घेतात, फिरवून बघतात, पट्टीवरून बोट फिरवतात. मग मान वर करून मला विचारतात, "यातला तुमच्या जावेचा कोणता?"